वाट्याचा एडका

वरची वस्ती, वेल्हे
ता. २० नोव्हेंबर १९३६

राजश्री कुंडलिकराव, मुक्काम कामथडी, यांस रायबाचा रामराम.

लग्नाची तारीख विचारायला तुमचा गडी गेनबा तिसऱ्यांदा येऊन गेला, आणि तिसऱ्यांदा आम्ही त्याला दूधभाकरी घालून बिनतारखेचा परत पाठवला. तो तोंडी काय सांगेल याचा नेम नाही, म्हणून हे पत्र. बसऱ्याच्या लढाईत पलटणीतल्या एका हवालदारानं मला लिहायला शिकवलं होतं, तेवढीच त्या लढाईची कमाई.

आमच्या बनाला तुमच्या सोनबाला देण्यात आमची काही खळखळ नाही. अडचण आमच्या आईची आहे, आणि आईची अडचण लांडग्याची आहे. आमच्या घरची रीत सोयरिकीच्या दिवशीच सांगितली होती, तरी पुन्हा लिहितो, की लेक द्यायचं ठरलं की त्या साली जन्मलेलं पहिलं कोकरू लांडग्याच्या नावानं सोडायचं. कानाला खूण करायची. ते विकायचं नाही, कापायचं नाही. लांडग्यानं मेंढरांच्या वाड्यावर येऊन आपला वाटा नेला, की मांडव घालायचा. आई म्हणते, "आपल्या आदी या माळावर त्यो हुता. घरातलं मानूस दुसऱ्याला देताना त्येला इसरायचं न्हाई." माझ्या आत्याच्या वेळी लांडगा चौथ्या दिवशी आला. बहिणीच्या, कोंडाबाईच्या वेळी आठवडा लागला.

बनाचं कोकरू सोडून दोन वर्षं होत आली. लांडगाच नाही. कातडं कचेरीत दाखवलं की बक्षीस मिळतं, त्यामुळे ज्याच्या हाती काठी तो शिकारी झाला. आमच्या डोंगरात दोन वर्षांत एक लांडगा दिसलेला नाही, ऐकूही आलेला नाही.

आणि कोकरू काही थांबलेलं नाही. त्याचा एडका झाला आहे. लांडग्याचा म्हणून त्याला कुणी मारत नाही, रागवत नाही, आणि हे त्याला कळलेलं आहे. त्यानं माझी बाज मोडली. भाऊ हैबतीला दोनदा ओढ्यात पाडलं. टपालवाला आता वस्तीवर येत नाही, लांबूनच हाक मारतो आणि पत्र आंब्याच्या खोडात खोचून पळतो.

तरी थोडा धीर धरावा.

तुमचा होणारा व्याही,
रायबा


कामथडी
ता. ३ डिसेंबर १९३६

रायबाबा, रामराम.

पत्र पोचलं. मी मोठ्यानं वाचलं आणि आमची साळूबाई हसता हसता चुलीपुढून उठून गेली, भाकरी जळाली. पुन्हा पत्र पाठवाल तेव्हा जेवणानंतर वाचायला मिळेल असं पाठवा.

पाव्हणं, मी पण धनगराचाच आहे. आमचे वाडवडील नदीकाठी शेती करून बसले म्हणून काही आम्ही रीत विसरलो नाही. पण लग्नाला देव आडवा आलेला ऐकलाय, सावकार आडवा आलेला ऐकलाय, दिवंगत चुलतासुद्धा आडवा आलेला मी पाहिलाय. लांडगा न येऊन आडवा आलेला पहिल्यांदाच पाहतोय.

आता खरं सांगतो. साळूबाईच्या माहेराकडची एक मुलगी सांगून आली आहे. तिच्याकडं ना आजी आहे ना एडका. सोनबा ऐकत नाही, त्याला बनाच पाहिजे. पण मी तरी किती दिवस लोकांना तोंड देऊ? होळीपर्यंत थांबतो. होळीच्या आत तुमचा लांडगा आला तर बना आमची सून. नाही आला तर रामराम, आणि मग कुणी कुणाला नावं ठेवायची नाहीत.

तोपर्यंत मीच एक उपाय सांगतो. एडक्याला घळीत नेऊन बांधा. लांडगा नसला तरी कुणीतरी येईलच.

आमच्या भागात तर लांडगा औषधाला उरला नाही. कोण मारतं, कुठं मारतं, आम्हाला काही ठाऊक नाही.

कुंडलिक


वरची वस्ती, वेल्हे
ता. २१ डिसेंबर १९३६

राजश्री कुंडलिकराव यांस रामराम.

होळीचा निरोप बनाला सांगितला. त्या दिवसापासून ती एडक्याला "ऊठ की रं मेल्या, जा की कुनाच्या तरी तोंडात" असं म्हणत हिंडते. लहानपणी मीच तिला अक्षरं शिकवली. आता ती कोळशानं भिंतीवर होळीला उरलेले दिवस लिहिते आणि रोज एक पुसते. मला ते बघवत नाही.

तुमच्या सांगण्यावरून एडक्याला घळीत बांधला. मी आणि हैबती घरी पोचलो तर तो आमच्या आधी दारात उभा. गळ्यात दोर, आणि दोराला खुंटा. दुसऱ्या दिवशी घळीत जाऊन पाहिलं, तर बिबट्याची पावलं होती. खुंट्यापासून दहा हातांवर आलेली, आणि तिथून माघारी वळलेली. काय झालं ते त्या दोघांनाच माहीत.

मी आईला म्हटलं, "बिबट्या चालंल का गं?" आई म्हणाली, "बिबट्या चोर हाय. लांडगा वाटेकरी हाय. चोराला कुनी बोलावनं धाडतं व्हय?"

आता दुसरी गोष्ट. परवा दुपारी वस्तीवर एक तांबूस जनावर आलं. शेपूट झुपकेदार, कान ताठ. हैबती ओरडला, "आला! आला!" सगळी माणसं घरात शिरली, वाटा नेताना बघायचं नसतं म्हणून. आई एकटी बाहेर राहिली. तिनं त्याच्याकडं एकवार पाहिलं आणि भाकरीचा तुकडा टाकला. जनावरानं शेपूट हलवलं, तुकडा खाल्ला, आणि एडक्याला घाबरून आईच्या लुगड्यामागं जाऊन बसलं. मागं झाडीत तुमचा गेनबा लपलेला सापडला. तो म्हणतो, तो सहज आला होता.

कुत्रं अजून इथंच आहे. ते जायचं नाव घेत नाही. त्याचं नाव काय आहे?

रायबा


कामथडी
ता. ८ जानेवारी १९३७

रायबाबा, रामराम.

कुत्र्याचं नाव मोत्या. चूक माझी. शेपूट हलवू नको असं त्याला सांगायचं राहून गेलं.

आता बसा. बसलात का? बसूनच वाचा.

आमच्या गावामागच्या माळावर लांडगे आहेत. नर आणि मादी. मी आणि सोनबानं डोळ्यांनी पाहिले. काटेरी झुडपांच्या खाली दगडांत बीळ आहे, आणि बिळात पिल्लं आहेत. किती ते कळत नाही, सारखी आत बाहेर करतात. मी तीन वेळा मोजली. एकदा तीन भरली, एकदा पाच, आणि तिसऱ्यांदा एकानं माझी वहाण पळवली म्हणून मोजणी राहिली.

दोन वर्षं तुमचा डोंगर रिकामा, आणि माझ्या घरामागं सगळं खटलं नांदतंय! मी माळावरून पळत घरी आलो आणि साळूबाईला उचलूनच घेतलं. ती म्हणाली, "लोकं बघत्यात की वो." बघू देत.

पण घोटाळा असा, की कोंडिबालाही वास लागला आहे. कोंडिबा म्हणजे आमचा शेजारी. बिळात धूर करायचा, पिल्लं बाहेर आली की काठीनं मारायची आणि कातडी कचेरीत न्यायची असा त्याचा बेत. मी त्याला सांगितलं, की ते लांडग्याचं बीळ नाही, तरसाचं आहे. तरसाला बक्षीस नाही. त्याला अर्धवट पटलंय. म्हणून मी रोज सकाळपासून बिळाच्या वाटेवर घोंगडं टाकून बसतो. कुणी विचारलं तर सांगतो, पाठीला ऊन देतोय. गावात बोलवा झालीय की कुंडलिकाचं डोकं फिरलं.

रायबाबा, पोराचं लग्न व्हावं म्हणून मी लांडग्याची राखण करतोय. माझा बाप असता तर त्यानं मला त्याच बिळात घातला असता.

लवकर सांगा, काय करायचं? लांडगा तिकडं कसा आणायचा?

कुंडलिक


वरची वस्ती, वेल्हे
ता. १८ जानेवारी १९३७

कुंडलिकराव!

पत्र आंब्याच्या खोडाशीच उघडून वाचलं. बनानं भिंतीवरचे सगळे दिवस एका हातानं पुसले आणि पुन्हा बसून नीट लिहून काढले, कारण कितवा दिवस ते विसरली. हैबती नाचला. एडक्यानं त्याला पाडलं. तो पडल्या पडल्या हसत होता.

लांडगा इकडं आणायची गरज नाही. मी आईला विचारलं, लांडग्यानं वाड्यावर यायला पाहिजे, आणि वाडा तर इथं डोंगरावर. आई म्हणाली, "लढाईवर जाऊन तुजी अक्कल तितंच ऱ्हायली का रं? मेंढरं बसली त्यो वाडा."

म्हणजे आम्हीच खाली येतो. तुमच्या रानातली ज्वारी निघाली की आमची मेंढरं तुमच्या शेतात बसवू. लेंडीखत तुम्हाला, चारा आम्हाला, आणि एडका लांडग्याला. आई, मी, हैबती आणि आमचा चुलतभाऊ बिरू येऊ. लग्नाआधी मुलीनं सासरच्या गावात पाऊल टाकायचं नाही, म्हणून बना आंबवड्याला कोंडाबाईकडं राहील. मोत्या आईला सोडत नाही, तोही येईल.

एक गोष्ट विचारतो, राग मानू नये. गेनबा मागच्या खेपेला जेवताना बोलून गेला, की सोयरिकीच्या दिवशी सोनबाच्या डोक्यावर जो लाल पटका होता, तो लांडग्याच्या बक्षिसातला. आमच्या सगळ्या वस्तीनं त्या पटक्याचं कौतुक केलं होतं. हे खरं काय?

आईला मी काही सांगितलेलं नाही.

रायबा


कामथडी
ता. २७ जानेवारी १९३७

रायबाबा, रामराम.

खरं आहे.

आमच्या भागात कोण मारतं ते ठाऊक नाही असं मी लिहिलं होतं, ते खोटं लिहिलं. सोयरिकीच्या महिनाभर आधी सोनबानं मागून आणलेल्या ठासणीच्या बंदुकीनं गुंजवणीच्या काठी एक लांडगा मारला. एकटाच होता, म्हातारा, काठाकाठानं वर वेल्ह्याकडं निघाला होता. पोराला वाटलं, मुलीकडं जाताना डोक्याला चांगलं काहीतरी पाहिजे. मलाही तेव्हा अभिमानच वाटला. तुमच्याकडची रीत आम्हाला सोयरिकीच्या दिवशी कळली, तेव्हा आम्ही बापलेक एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो. त्या दिवशी सोनबानं पुरणपोळी खाल्ली नाही, तुम्ही म्हणालात लाजतोय.

तुमचं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. तो उठला आणि माळावर गेला. आता बिळाची राखण तोच करतो, मला बसू देत नाही. पिल्लं चार आहेत, हे त्यानं नक्की केलं. मादी आधी त्याला बघून गुरगुरायची. आता ती त्याच्याकडं बघतही नाही, आणि हे तो मला अशा थाटात सांगतो की जणू तिनं त्याला पाटीलकी दिली.

तुमच्या आईला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. सांगितलं तर लग्न मोडेल असं मला वाटतं. नाही सांगितलं तर सोनबा सांगेल असंही वाटतं. मेंढरं घेऊन या. ज्वारी निघाली.

कुंडलिक


कामथडी
ता. २२ फेब्रुवारी १९३७

रायबाबा, मुक्काम आंबवडे, रामराम.

तुमचा बसऱ्याचा हिवताप ऐन वेळी उलटला आणि तुम्हाला कोंडाबाईकडं पोचवावं लागलं, याचं वाईट वाटतं. पण आज सकाळी तुम्ही इथं असता तर हसून हसून ताप चढला असता.

ऊन नुकतं आलं होतं. तुमची मेंढरं वरच्या तुकड्यात बसलेली, माझी दहाबारा शेरडं-मेंढरं बांधाच्या अलीकडं. तुमची आई चुलीपाशी. एडका वाड्याच्या तोंडाशी रवंथ करत उभा. तेवढ्यात माळ उतरून नर आला. खरा! उंच पायांचा, भुरा, मान खाली घातलेला. आम्ही सगळे घोंगड्यात तोंडं खुपसून बसलो. पण सांगतो, प्रत्येकाच्या घोंगड्याला एकेक भोक होतं.

लांडगा एडक्यापुढं थांबला. एडक्यानं रवंथ थांबवला. मग एडका दोन पावलं मागं सरकला. हैबती माझ्या कानात म्हणाला, "भ्यालं." बिरू म्हणाला, "न्हाई. असंच मागं सरून त्यानं तुला पाडलं हुतं."

आणि एडका सुटला! लांडगा जागच्या जागी उडाला, वळला आणि जीव घेऊन पळाला. पुढं लांडगा, मागं एडका, बांध ओलांडला, ओढा ओलांडला, थेट माळावर. तुमची आई उठली, घोंगडं फेकलं आणि ओरडली, "आरं बगताय काय! माज्या लांडग्याला वाचवा!" मग आम्ही पळालो. हैबती, बिरू, मी, गेनबा, आणि मागून मोत्या. तो कुणाच्या बाजूनं पळत होता ते त्यालाच माहीत नव्हतं. मळ्यातली माणसं आरोळी ठोकून विचारत, "काय झालं वो?" आम्ही म्हणायचो, "लांडगं!" ते म्हणायचे, "मेंढरू नेलं?" आम्ही म्हणायचो, "न्हाई, मेंढरू त्येच्या मागं लागलंय!" शेवटी सोनबानं आडवा होऊन एडक्याची शिंगं धरली. दोघं मिळून कोलांटत खाली आले.

हसू नका. पुढचं ऐका. आम्ही सगळे माळावर असताना मादी दुसऱ्या अंगानं उतरली, बांधाच्या अलीकडं माझ्या शेरडामेंढरांत शिरली आणि कोकरू घेऊन गेली. साळूबाईचं लाडकं, पांढऱ्या तोंडाचं. ती दारात बसून रडते आहे.

म्हणजे लांडगा आला, पण तुमचा वाटा नेला नाही. नेलं ते आमचं.

आणि हे कमी होतं म्हणून सोनबा, अंगभर खरचटलेला, तुमच्या आईपुढं जाऊन बसला आणि म्हणाला, "आजी, दोन वर्सामागं तुमचा लांडगा म्या मारला. गुंजवनीच्या काठी. त्यो तुमच्याकडंच निगाला हुता." तुमच्या आईनं त्याच्या कोपराला हळद लावली, काठी उचलली आणि आंबवड्याची वाट धरली. हे पत्र गेनबाच्या हाती धाडतोय, तो तिच्या आधी पोचेल.

होळीला महिना उरला आहे. रायबाबा, मीच ती मुदत घातली, पण आता मीच दिवस मोजत बसलोय. सोनबा जेवलेला नाही. म्हातारी काय म्हणते ते लगेच कळवा.

कुंडलिक


आंबवडे
ता. २५ फेब्रुवारी १९३७

कुंडलिकराव व्याही यांस,

वर काय लिहिलं ते पुन्हा वाचा, आणि मग सोनबाला जेवायला घाला.

आई दुसऱ्या दिवशी दुपारी आली. पाणी प्यायली. बना दाराआड उभी, मी अंथरुणात, कोंडाबाई परातीत हात तसेच ठेवून. आई बसली आणि एकदम हसायला लागली. माझ्या उभ्या आयुष्यात मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. पदर तोंडात, डोळ्यांतून पाणी. "रायबा, काय पळाला रं त्यो! शेपूट ह्या अशी!"

मग गंभीर झाली. म्हणाली, "लांडगं वाड्यावर आलं. त्येनं आपल्या घरचं बगितलं, नको म्हनालं. मादीनं कुंडलिकाच्या घरचं नेलं. एकाच बिऱ्हाडाची त्ये दोगं. त्येंला बांधाच्या हिकडचं-तिकडचं वेगळं वाटलं न्हाई. दोन्ही घरं येकच धरली त्येंनी. सोयरीक लांडग्यानंच केली, आता मी कोन वेगळी करनारी?"

मी भीत भीत विचारलं, "आनि सोनबानं मारलेला?"

"त्येनं मला तोंडावर सांगितलं. बक्षीस घेतल्यालं आजवर कोन सांगाय आलं? चार पिल्लं राखली त्येनं. ती मोटी हुईस्तवर राखंल, मंग बगू."

पण एक अट आहे, आणि ही अट तुम्हाला नाही, तुमच्या गावाला आहे. वाटेत आई आमच्या लोकांच्या पाच वाड्यांवर थांबत आली. सगळ्यांनी शब्द दिला आहे, की जो त्या बिळात धूर करील, त्याच्या शेतात कोणाही धनगराची मेंढरं बसणार नाहीत. यंदा नाही, पुढं नाही. हे कोंडिबाला सांगा. त्याचं रान खडकाळ आहे, लेंडीखताशिवाय तिथं कुसळही उगवत नाही. तरसाची थाप आता बंद करा.

एडक्याचं नाव वाट्यातून काढलं. आई म्हणते, त्याला कुणी नेणार नाही.

मुहूर्त १८ मार्चचा. लग्न इथंच, आंबवड्याला. ताप उतरला आहे.

तुमचा व्याही,
रायबा


कामथडी
ता. २० मार्च १९३७

रायबाबा व्याही, रामराम.

वरात सुखरूप पोचली. निघताना तुम्ही रडलात म्हणून बनानं खुशाली कळवायला सांगितलं आहे.

कोंडिबा सुधारला. गरजेपेक्षा जास्त सुधारला. तुमच्या आईचा निरोप कळल्यापासून माळावर शेरडं न्यायला गेलेल्या माणसालाही तो हाकलतो. आणि वरातीच्या आदल्या दिवशी त्यानंच शंका काढली, की ढोलांच्या आवाजानं मादी बिथरली आणि पिल्लं उचलून दुसरीकडं गेली तर? गावात येणारी वाट माळाखालूनच आहे. सगळ्यांना पटलं. मग ठरलं, की ओढ्यापासून वेशीपर्यंत ढोल नाही, कैताळाच्या झांजा नाहीत, बंदुकीचे बार नाहीत.

रायबाबा, धनगराची वरात आणि चिडीचूप! अकरा ढोलकरी ढोल गळ्यात अडकवून, हात पाठीमागं बांधून, मांजरासारखे चालत होते. बैलांची घुंगरं काढून साळूबाईनं ओटीत घेतली. गेनबाला शिंक आली तर कोंडिबानं पटक्याचं टोक त्याच्या तोंडात कोंबलं. सोनबा पुढं, नवरदेव कसला, पहारेकरीच. बाकीचं सूनबाईच लिहिते. तिनं माझ्या हातून बोरू काढून घेतला आहे.

आबा, मामंजींनी लिहिलं ते खरं आहे, पण मी भ्याले असं ते सगळ्यांना सांगतात ते खोटं. मला हसू आवरत नव्हतं. मी पदर चावून बसले होते. सगळा गाव चवड्यांवर चाललेला, ऊन कलतीला आलेलं, आणि माळावरून एकदम एक बारीक आवाज निघाला. वाकडातिकडा, मधेच तुटणारा. मग दुसरा. मग चारी. मग मोठ्या दोघांनी सूर धरला, तेव्हा बैलांनी कान टवकारले आणि वरात जागेवर थांबली. ढोलकरी एकमेकांकडं बघत राहिले. हे म्हणाले, "ऐक, बारकं कसं चुकतंय बग." मी म्हटलं, "शिकंल की. कालपर्यंत हितं कुनी गातबी नव्हतं."